‘हे काय काढलंस?’ हा प्रश्न आता पुरे

गणपतीच्या दिवसांत आमच्या मंडळात मुलांची चित्रकला स्पर्धा असते. तुमच्याकडेही असेल. शाळेचा भाड्याने घेतलेला हॉल, एका बाजूला आरतीची तयारी, दुसऱ्या बाजूला लांब टेबलांवर जुने पेपर अंथरून बसलेली मुलं, आणि मुलांपेक्षा जास्त काळजीत असलेले आईबाप. दोन वर्षांपूर्वी मला तिथे परीक्षक म्हणून बसवलं. पात्रता एवढीच, की मी रविवारी थोडीफार चित्रं काढते आणि मला स्वतःचं मूल नाही, त्यामुळे पक्षपाताचा आरोप होणार नाही.

एका टेबलावर सात वर्षांची एक मुलगी होती. तिने कागदाचा उजवा अर्धा भाग भरला होता. तीन मोठे विटकरी आकार, एकमेकांना जेमतेम टेकलेले. त्यांच्या फटीतून गेलेली एक पिवळी पट्टी. डावीकडचा कागद कोरा. ती तो कोरा भाग बघत बसली होती. एका काकूंनी विचारलं, ‘‘हे काय काढलंस बाळा?’’ तिने खांदे उडवले. तिच्या बाबांनी विचारलं. ती गप्प. मग परीक्षक या नात्याने मी विचारलं. तिने आमच्या तिघांच्या तोंडाकडे पाहिलं, काळा खडू उचलला आणि सगळ्यात मोठ्या आकारात एक गोल डोळा काढला. ‘‘मासा,’’ ती म्हणाली. आम्ही सगळे ‘‘अरे वा!’’ म्हणालो. कोऱ्या भागात दोन मिनिटांत निळं पाणी आलं. तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

त्या डोळ्याबद्दल मला लिहायचं आहे, कारण तो काढायला तिला मी लावला.

अमूर्त आकारांतून चित्राची नवी कल्पना कशी काढायची, असं कुणाही हौशी चित्रकाराला विचारा. एक ठरलेली कृती ऐकायला मिळते. कागदावर आडव्यातिडव्या रेघा मारा, रंगाचे डाग पाडा, कागद चारी बाजूंनी फिरवा, काही दिसतंय का बघा. पक्षी दिसला? त्याला चोच द्या. बाई दिसली? तिला केस द्या. झालं तुमचं स्वतंत्र चित्र. मुलांच्या शिबिरांत हेच शिकवतात आणि मोठ्यांच्या वीकेंड वर्कशॉपमध्येही. माझं म्हणणं असं, की ही कृती खेळ म्हणून छान आहे. नव्या कल्पनेचा मार्ग म्हणून मात्र ती शुद्ध फसवणूक आहे. तिच्यातून आपल्या डोक्यात आधीच पडून असलेल्या जुन्या वस्तू तेवढ्या बाहेर येतात.

हे मी माझ्या धंद्यातून शिकले, म्हणून आधी धंद्याची गोष्ट सांगते. मी पोस्टडॉक आहे. क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने प्रथिनांचे आकार शोधते. प्रथिनांचं द्रावण झटकन गोठवून त्याचे इलेक्ट्रॉनने फोटो काढायचे. ते फोटो इतके खरखरीत असतात, की जुन्या टीव्हीवर चॅनेल गेल्यावर मुंग्या दिसायच्या ते आठवावं. अशा लाखो खरखरीत तुकड्यांची सरासरी काढली, की हळूहळू आकार उमटतो. पण सरासरी काढण्याआधी प्रत्येक तुकडा योग्य जागी सरकवावा आणि फिरवावा लागतो, आणि तो कशाशी जुळवायचा यासाठी बऱ्याचदा आपण एक साचा देतो. इथेच खड्डा आहे. आमच्या क्षेत्रात एक प्रयोग प्रसिद्ध आहे. साचा म्हणून आइन्स्टाइनचा फोटो द्यायचा, आणि तुकडे म्हणून निव्वळ खरखर द्यायची, जिच्यात काहीही नाही. प्रत्येक तुकडा आइन्स्टाइनशी जास्तीत जास्त जुळेल असा बसवायचा आणि अशा हजारभर तुकड्यांची सरासरी काढायची. आइन्स्टाइन उमटतो. केस, मिशा, सगळं. रिचर्ड हेंडरसन यांनी २०१३ मध्ये यावर एक इशारेवजा लेख लिहिला. याच तंत्राच्या विकासासाठी त्यांना २०१७ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. इशारा साधा आहे: शून्यातून तुम्हाला जे दिसलं, ते तुम्हीच बरोबर आणलं होतं.

मी या खड्ड्यात पडलेली आहे. डॉक्टरेटच्या तिसऱ्या वर्षी मला हवा होता तो आकार मला आठ महिने दिसत राहिला. रोज थोडा अधिक स्पष्ट. शेवटी साचा काढून घेतला आणि तेच तुकडे पुन्हा चालवले, तेव्हा आकार विरघळून गेला. त्या रात्री मी रडले, हे सांगायला आता लाज वाटत नाही. पण त्यानंतर डागात पक्षी शोधायच्या कृतीकडे मला पूर्वीसारखं बघता आलं नाही. डाग म्हणजे खरखर. साचा म्हणजे पक्षी. कागद फिरवणं म्हणजे जुळवाजुळव. आणि निघालेलं चित्र म्हणजे पुन्हा एकदा आइन्स्टाइन.

तुम्ही म्हणाल, खुद्द लिओनार्दोने डागाळलेल्या भिंतींकडे बघायला सांगितलं आहे. सांगितलं आहे खरं. ओल आलेल्या भिंतीत डोंगर, नद्या, लढाया दिसतात, त्याने बुद्धी जागी होते, असं तो म्हणतो. पण त्याच्याच टिपणांत पुढची गोष्टही आहे, ती कुणी सांगत नाही. बोत्तिचेल्ली म्हणायचा, की निसर्गचित्राचा एवढा अभ्यास कशाला, रंगात बुडवलेला स्पंज भिंतीवर फेकला की डागात निसर्ग दिसतोच. त्यावर लिओनार्दोचं उत्तर असं, की डागात कल्पना सापडतील, पण ती पूर्ण कशी करायची हे डाग शिकवत नाही. आणि त्या चित्रकाराची निसर्गचित्रं फार सुमार होती. इंग्लंडमध्ये अलेक्झांडर कोझेन्सने १७८५ च्या सुमारास शाईच्या डागांतून निसर्गचित्रं रचण्याची पद्धतच पुस्तकात मांडली. पण डाग टाकण्याआधीच त्याला निसर्गचित्र हवं होतं, आणि निसर्गचित्रच मिळत गेलं. पुढे १९२१ मध्ये हर्मन रोर्शाकने शाईचे दहा डाग छापले, तेव्हा तो डागात काय आहे हे विचारत नव्हता. बघणाऱ्याच्या डोक्यात काय आहे हे त्याला हवं होतं. डागाचा उपयोग त्याला बरोबर कळला होता.

मग आकारांतून नवं काहीच निघत नाही का? निघतं. पण त्यासाठी नाव लांबणीवर टाकावं लागतं.

वासिली कान्दिन्स्कीने १९१३ साली आपल्या आठवणीत म्युनिकमधला एक प्रसंग लिहिला आहे. संध्याकाळी तो स्टुडिओत परतला तेव्हा समोर एक विलक्षण सुंदर चित्र दिसलं. त्यात वस्तू कुठलीच ओळखू येत नव्हती, नुसते आकार आणि रंग. जवळ गेल्यावर कळलं, की त्याचंच चित्र भिंतीला आडवं टेकवून ठेवलेलं होतं. सगळे ही गोष्ट इथेच संपवतात. पण दुसऱ्या दिवशी उजेडात त्याने तोच अनुभव पुन्हा घ्यायचा प्रयत्न केला, चित्र मुद्दाम आडवं ठेवलं, आणि ते अर्धवटच जमलं. वस्तू ओळखू येत राहिल्या. एकदा नाव बसलं की ते उठत नाही. कान्दिन्स्कीचं ही स्थिती, तर सात वर्षांच्या पोरीने कागदावर काढलेला डोळा परत कसा पुसायचा?

आता आपल्या घरातला माणूस. वासुदेव गायतोंडे. १९२४ साली नागपुरात जन्म, कुटुंब मूळचं गोव्याचं, वाढले गिरगावात, १९४८ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका. १९६४ साली फेलोशिपवर ते न्यूयॉर्कला आले, म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांचे आईवडील शाळेत होते तेव्हा. मोमाच्या संग्रहात त्यांचं १९६२ चं चित्र आहे. ऑक्टोबर २०१४ ते फेब्रुवारी २०१५ या काळात गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. मराठी बोलणाऱ्या एका माणसाची चित्रं न्यूयॉर्कच्या त्या गोल इमारतीत साडेतीन महिने होती. आपल्या मेळाव्यांत त्याची चर्चा किती झाली? आपल्याला आठवतो तो आकडा: डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांचं १९७९ चं चित्र २३.७ कोटींना गेलं. पैसे कळतात. चित्रापुढे उभं राहिलं की मात्र आपण विचारतो, ‘यात काय दिसतंय?’

मी तुमच्यावर दोष ढकलत नाही. त्या हिवाळ्यात मी रात्रीच्या बसने न्यूयॉर्कला जाऊन ते प्रदर्शन पाहिलं. बरोबरच्या मैत्रिणीने एका हिरवट चित्रापुढे मला हाच प्रश्न विचारला आणि मी ऐटीत सांगितलं, ‘‘समुद्र. कोकणातला. पावसाळ्यातला.’’ दोघी खूश झालो आणि पुढच्या चित्राकडे गेलो. आठ सेकंदांत आम्ही गायतोंड्यांना मासा करून टाकलं.

गायतोंड्यांना आपल्या चित्रांसाठी ‘अमूर्त’ हा शब्दच पसंत नव्हता. वस्तू होती, ती गाळत गाळत अमूर्त केली, असा त्याचा अर्थ निघतो. ते ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत: मुळात वस्तूच नाही. गंमत अशी, की गुगेनहाइम संग्रहालय १९३९ साली सुरू झालं तेव्हा त्याचं नावच ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ चित्रांचं संग्रहालय असं होतं. हा शब्द म्हणजे नुसता हट्ट नव्हता, ती काम करायची रीत होती. रंग रोलरने आणि पॅलेट नाईफने थरांवर थर चढवायचा, कापलेल्या-फाडलेल्या कागदाचे आकार ओल्या रंगावर ठेवून उचलायचे, काय राहिलं ते बघायचं, थांबायचं, पुन्हा थर. वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच चित्रं. त्या थांबण्यात ‘हे कशासारखं दिसतंय’ हा प्रश्न नव्हता. पुढचा थर कुठे हवा, एवढाच प्रश्न होता. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपल्या आठवणीत असतं. दुसऱ्याचं फक्त त्या कॅनव्हासवर असतं, म्हणून तिथे नवं काही घडायची शक्यता असते.

कुणी म्हणेल, आम्हाला वस्तू आवडतात, आम्ही काय करायचं? तुमच्यासाठी प्रभाकर बरवे आहेत. जन्म १९३६, अलिबागजवळच्या नागावचा. बनारस आणि मुंबईच्या विणकर सेवा केंद्रांत त्यांनी कापडाच्या नक्षीवर काम केलं. त्यांच्या चित्रांत घड्याळ असतं, पान असतं, सफरचंद असतं, सगळं ओळखू येतं. पण ती घड्याळं वेळ सांगत नाहीत. पानाची कड घड्याळाच्या कडेशी का बोलते, दोघांमधली रिकामी जागा केवढी आहे, यावर ते चित्र उभं राहतं. वस्तूलासुद्धा त्यांनी आधी आकार म्हणून वागवलं. शिवाय त्यांनी हा सगळा विचार आपल्या भाषेत लिहून ठेवला आहे. ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक १९९० साली आलं. चित्र सुचतं कसं, यावर चित्रकारानेच मराठीत एवढं सविस्तर लिहिलेलं असताना आपण मुलांना व्हिडिओ लावून देतो: पाच सोप्या पायऱ्यांत बाप्पा.

‘हे सगळं उच्चभ्रूंचं, आमच्या घरात कुठे होतं असलं?’ हा पुढचा आक्षेप. होतं हो. तुमच्या बॅगेत बसत नसतानाही आईने कोंबून दिलेली गोधडी काढा. तिच्यात जुन्या लुगड्याचा चौकोन सदऱ्याच्या पट्टीशेजारी का आला, हे आजीने कुठल्या पक्ष्याकडे बघून ठरवलं नव्हतं. हातात होते ते तुकडे, त्यांचे रंग आणि शेजारी काय आहे, एवढ्यावर ठरवलं होतं. आजीला कुणी विचारलं नाही, ‘हे काय काढलंस?’ आणि गाण्याचं काय? किशोरीताईंची जुनी रेकॉर्डिंग लावून आपण आलाप ऐकतो, तेव्हा ‘हे कशाचं चित्र आहे’ असं विचारणाऱ्याला आपण घराबाहेर काढू. वारली चित्रांतला माणूसही पाहा. तो दोन त्रिकोणांचा आहे, टोकाला टोक लावलेले. हे त्रिकोण कुणाला भिंतीच्या डागात दिसलेले नाहीत. ती आकारांची ठरलेली भाषा आहे, आणि जिव्या सोमा मशे यांनी त्याच थोड्या आकारांच्या जुळणीतून आयुष्यभर नवी चित्रं काढली. कान आणि हात आपल्याकडे तयार आहेत. डोळाच तेवढा आपण निरक्षर ठेवला आहे, आणि तो मुलांना वारसा म्हणून देतो आहोत.

यात आता यंत्राची भर पडली आहे. चित्र बनवणारी जी सॉफ्टवेअर आज बहुतेक सगळे वापरतात, त्यांतली बरीचशी सुरुवात खरखरीनेच करतात. मग शिकलेल्या लाखो चित्रांच्या आधाराने, तुम्ही दिलेल्या शब्दांच्या दिशेने, ती खरखर पायरीपायरीने निवळत नेतात. म्हणजे डागात पक्षी शोधायचं काम आता तुमच्यापेक्षा वेगाने आणि सफाईने होतं. ज्यांची सगळी कला ‘डागाला डोळा काढणं’ एवढीच होती, त्यांनी यंत्राला शिव्या देऊ नयेत. ते काम यंत्राचंच होतं. आपल्यासाठी उरतं ते नाव न देता थांबणं, आणि यंत्राला शब्द पुरवत बसलो की नेमकं तेवढंच सुटतं.

नुसती टीका करून मी पळणार नाही. मी स्वतः काय करते ते सांगते. पटलं तर करून बघा.

जाड कागदातून एकच आकार कापा, ज्याला तुमच्याकडे नाव नाही. त्याच्या लहानमोठ्या पाच-सहा प्रती करा. काड्यापेटीएवढे वीस चौकोन आखा आणि प्रत्येकात ते आकार वेगळे मांडा: कुठे गर्दी, कुठे एकटा, कुठे कडेबाहेर अर्धा गेलेला, कुठे दोघांत केसाएवढी फट. पहिली सात-आठ रचनाचित्रं कुणाची तरी असतील. कुठे पाहिलेल्या पोस्टरची, पडद्याच्या कापडाची. ती होऊ द्या. प्रयोगशाळेत आम्ही साचा काढून घेतो, तसं इथे एक करा: ज्या चौकोनाला तीन सेकंदांत नाव सुचेल, त्यावर काट मारा. उरलेले आठवडाभर भिंतीवर लावा. जे रोज थोडं खुपतं, ज्यात एखादी जागा रिकामी का आहे हे तुम्हाला सांगता येत नाही पण भरवतही नाही, ते मोठ्या कागदावर घ्या. मग रंग. आणि मग पुन्हा थांबा. वीसमधून एक निघालं तरी ते तुमचं असतं. माझ्या बऱ्याच वीसांतून एकही निघालेलं नाही, हेही सांगून ठेवते.

‘पण मुलांना कौतुक लागतं, काही तरी विचारायला नको का?’ जरूर विचारा. ‘‘सुरुवात कुठून केलीस?’’ विचारा. ‘‘हा पिवळा आधी आला की नंतर?’’ विचारा. ‘‘ही जागा मोकळी ठेवली आहेस, अजून काही येणार आहे का?’’ विचारा. या प्रश्नांना मूल उत्तर देऊ शकतं, कारण ते त्याने नुकतंच केलेलं असतं. ‘हे काय आहे’ला उत्तर देण्यासाठी त्याला तुमच्या डोक्यातला शब्द शोधावा लागतो. आणि आपली मुलं या देशात तसाही दिवसभर दुसऱ्यांच्या डोक्यातले शब्द शोधत असतात. तू मूळची कुठली, डब्यात हे काय आणलंस, तुझ्या नावाचा अर्थ काय. मंडळाच्या हॉलमध्ये तरी त्यांना एखादी गोष्ट नाव न देता हातात धरू द्या.

बाप्पाचं चित्र काढू नका, असं मी म्हणत नाही. पण स्पर्धेत एक गट असा ठेवा, ज्यात विषय नाही आणि शीर्षक लिहायला जागाही नाही. मी आमच्या समितीला हे सुचवलं. उत्तर आलं, ‘‘मग मार्क कसे देणार?’’ प्रश्न रास्त आहे. मी सुचवलं की त्या गटात मार्कच देऊ नका, चित्रं भिंतीवर लावा आणि आरतीनंतर अर्धा तास सगळ्यांनी ती नुसती बघावी. त्यावर अजून निर्णय झालेला नाही.

ती मुलगी आता नऊ वर्षांची आहे. मागच्या गणपतीत ती आली होती. तिने मासा काढला, सुबक, खवलेबिवले घालून, आणि मला लांबूनच कागद उंच करून दाखवला. मी काही विचारायच्या आत तिने सांगितलं, ‘‘मासा आहे.’’